प्रश्न पडण्याआधी

चिन्मयीला शाळेत घालायचं नाही, हे ऋजुता इंगवलेने ती पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. स्वतः सहा वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईने असं ठरवावं, याचं सासरी-माहेरी सगळ्यांना नवल वाटलं. ऋजुताला वाटलं नाही. पंचेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटं आणि एक घंटा, यांच्या कचाट्यात सापडलेल्या प्रश्नाचं काय होतं ते तिने रोज पाहिलं होतं. "तास संपला, उद्या विचार हं," असं ती कितीतरी मुलांना म्हणाली होती. त्यातल्या एकानेही दुसऱ्या दिवशी विचारलं नव्हतं.

तेव्हा शाळा नाही. कोल्हापूरच्या कडेला, पाचगावच्या बाजूला त्यांचं घर होतं, तेच चिनूची शाळा झालं. जास्वंदीच्या पाकळ्या उकळून केलेल्या पाण्यात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं आणि सोडा टाकला की हिरवं, हे चिनूला चौथ्या वर्षी कळलं. पाढे चिंचोक्यांवर झाले. सायकलचं चाक फिरवत तिने अख्खं अंगण मोजलं. परीक्षा नाही, गुण नाही, टक्के तर नाहीतच. शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर ओतकामावर देखरेख करून घरी आलेला रणजित विचारायचा, "मग पोरगी हुशार आहे का नाही, ते कळायचं कसं?" त्यावर ऋजुता म्हणायची, "कळून काय करायचंय तुला?"

एक नियम मात्र तिने कसोशीने पाळला होता. चिनूने विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायचा. तारीख, वेळ, तेव्हा ती काय करत होती, हे सगळं लिहायचं. "मुंगी माडीवरून पडली तर तिला लागतं का?" – दात घासताना. "झोप लागली हे आपल्याला झोपेत कळतं का?" – वरणभात खाताना. "तू लहान होतीस तेव्हा मी कुठे होते?" – काहीच न करता, नुसतं छताकडे बघत. चिनू आठ वर्षांची होईतो अशा एकतीस वह्या भरल्या. शाळेत जाणाऱ्या कुठल्या मुलाच्या नशिबी असा कारकून आला असता?

गावात मुलांना शाळेत न घालणारी अशी अकरा कुटुंबं होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सगळी त्यांच्यातल्याच मांगुऱ्यांच्या रोपवाटिकेत जमायची. तिथे त्यांचा एक खेळ होता. मुलांनी गोल करून बसायचं, प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा आणि ज्याच्या प्रश्नापुढे सगळी मोठी माणसं गप्प होतील त्याच्या डोक्यावर लाल फेटा बांधायचा. जेवणं उरकेपर्यंत तो फेटा त्याचा. आपल्या पोराला उत्तर आलं म्हणून नाही, तर आपल्याला आलं नाही म्हणून टाळ्या पिटणारे आईबाप तुम्हाला दुसरीकडे सापडायचे नाहीत. चिनूने तो फेटा सात वेळा घातला होता. त्याच्या ओझ्याने तिची मान एका बाजूला कलायची आणि तशीच ती जिलेबी खायची.

हे सगळं ऐकायला फार छान वाटतं. अशा मुलीबरोबर दिवसाचे चौदा तास एकटीने काढायचे असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. कणीक मळताना "का?", कपडे वाळत घालताना "का?", ताप आला म्हणून पडून राहावं तर उशाशी बसून "का?". ऋजुताच्या नाकी नऊ यायचे. बाहेर मात्र ती हसतमुखाने सांगायची, "मला तर तिच्यामुळे रोज नवीन शिकायला मिळतं." हे काही अगदीच खोटं नव्हतं. पण एका दुपारी गच्चीवर पापड वाळत घालताना चिनूने सलग नववा प्रश्न विचारला आणि ऋजुता तिच्या अंगावर ओरडली, "गप्प बस ना गं जरा! मेले मी तुझ्या प्रश्नांनी!"

चिनू गप्प बसली. अकरा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. ऋजुताने घड्याळ पाहिलं होतं म्हणून तिला आकडा माहीत होता. त्या अकरा मिनिटांत तिला इतकं बरं वाटलं, की नंतर तिची तिलाच लाज वाटली. हे तिने रणजितलाही सांगितलं नाही.

त्याच महिन्यात रोपवाटिकेत डॉ. अनघा सप्रे आल्या. पुण्याच्या एका संस्थेत मेंदूवर काम करणाऱ्या, पन्नाशीच्या, साध्या बोलण्याच्या बाई. त्यांच्या हातात केसांना लावायच्या पट्टीसारखी एक पातळ पट्टी होती. तिचं नाव पूर्वा.

"शाळेचं चुकतं कुठे सांगू?" त्या म्हणाल्या. "मुलाला प्रश्न पडायच्या काही सेकंद आधी मेंदूत एक संथ लय सुरू होते. आठवणी साठवणारा भाग जागा होतो. आतून एक रसायन पाझरायला लागतं, भूक लागल्यावर तोंडाला पाणी सुटतं ना, तसं. दार उघडतं म्हणा. ते वीस-पंचवीस सेकंदच उघडं असतं. तेवढ्यात आत गेलेलं जन्मभर टिकतं. दार बंद असताना तुम्ही तासभर घसा कोरडा करा, काही उपयोग नाही. शाळा घंटेवर शिकवते आणि दार काही घंटेवर उघडत नाही."

आया एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकी वर्षं त्या जे सांगत होत्या तेच ही बाई यंत्र हातात घेऊन सांगत होती.

"पट्टीला ते दार उघडताना कळतं. मग भोवतालचं ऐकून-बघून मुलाला कुठला प्रश्न पडू घातलाय याचा ती अंदाज बांधते आणि कानामागच्या हाडातून हळूच उत्तर देते. प्रश्न ओठावर यायच्या आधी."

"अंदाज चुकला तर?" मांगुऱ्यांनी विचारलं.

"चुकतो की. सुरुवातीला शंभरात तीस-चाळीस वेळा चुकतो. मुलाचे आधीचे प्रश्न जितके जास्त माहीत, तितका कमी चुकतो. पण मुलांचे प्रश्न कोण लिहून ठेवतंय?"

"माझ्याकडे एकतीस वह्या आहेत," ऋजुता म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू शेतात विहीर खणताना हंडा लागला. अशी चूक शाळेत मुलं पाठवणाऱ्या कुठल्या आईच्या हातून झाली नसती, कारण तिच्याजवळ द्यायला काही नसतंच. ऋजुताने रिक्षात घालून वह्या नेऊन दिल्या. परीक्षा नको, मोजमाप नको म्हणून शाळेला रामराम ठोकलेल्या बाईने आपल्या मुलीच्या दिवसातला क्षण न् क्षण मोजणारी पट्टी तिच्या केसांत बसवली आणि वर रबराचं फूलही चिकटवलं. उत्तर देणारा आवाज निवडायचा होता. बहुतेक आयांसारखा तिनेही स्वतःचाच दिला. दोन तास बसून कागदावरची वाक्यं वाचली, झालं.

पट्टीने काम केलं नाही असं कुणी म्हणू नये. झकास केलं. चिनू नऊ वर्षांची असताना तिला ग्रहणांचं गणित येत होतं. दहाव्या वर्षी ती रणजितला त्याच्या भट्टीतल्या लोखंडात कार्बन किती हवा ते सांगायला लागली. पोरीला फौंड्रीत नेऊन तो कामगारांपुढे उभी करायचा. "विचारा की, काय पण विचारा!" म्हणताना त्याची छाती फुगायची.

आणि घर शांत झालं. कणीक मळताना ऋजुताला स्वतःचे विचार ऐकू यायला लागले. तिने सतार पुन्हा काढली. प्रश्नांची बत्तिसावी वही अर्धी झाली आणि तिथेच राहिली. आधी दिवसाला चाळीस प्रश्न लिहिले जायचे, मग चार, मग आठवड्याला एखादा. हे तिला दिसलं नाही असं नाही. तिने त्याचा अर्थ सोयीचा लावला. मुलगी मोठी होतेय, ती म्हणाली.

त्या वर्षीच्या मार्चमधला रविवार मात्र तिला सोयीचा करून घेता आला नाही. मांगुऱ्यांच्या धाकट्या ओजसने, ज्याला तोवर एकदाही फेटा मिळाला नव्हता, उभं राहून विचारलं, "कावळ्याला माणसांचे चेहरे लक्षात राहतात, मग तो आपल्या पिल्लांना आपल्याबद्दल सांगतो का?"

मोठी माणसं गप्प झाली. ओजसचा चेहरा फुलला. तेवढ्यात चिनूने सांगून टाकलं. सांगतो, पिल्लं पालकांच्या ओरडण्यावरून धोक्याचा चेहरा शिकतात, त्यावर प्रयोग झालेत, ते असे असे. बोलण्यात मिरवणं नव्हतं. पाणी सांडलं की पुसावं, तितक्याच सहजपणे ती बोलली.

ओजसला रडू फुटलं. "तू कशाला सांगितलंस? माझा फेटा होता तो!"

"तुला उत्तर हवं होतं ना?" असं खरं तर कुणीही विचारलं असतं. चिनूने तेही विचारलं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला काही विचारायचं नाहीये." आणि आईबापांनी, देवा रे, टाळ्या वाजवल्या. पुढच्या सहा महिन्यांत अकराही घरांत पट्ट्या आल्या. रविवारी मुलं गोलात बसेनाशी झाली. आया एका बाजूला बसून आलेख दाखवायच्या, कुणाचं दार दिवसातून किती वेळा उघडतं त्याचे. टक्के नकोत म्हणणाऱ्याच या आया.

ऋजुताची आई तासगावला वारली ती नोव्हेंबरात. सकाळी आठला भावाचा फोन आला. फोन ठेवून ऋजुता स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. दूध उतू गेलं तरी तिला उठवेना. चिनू आत आली. तिने गॅस बंद केला, तांब्याभर पाणी आणलं, आईजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"आजी गेली," ती म्हणाली. "झोपेतच गेली, तिला त्रास झाला नसणार. तू थोडं पाणी पी. रडलीस तरी चालेल."

ऋजुताने तिच्याकडे पाहिलं. फोनवर ती फक्त "कधी?" आणि "बरं" एवढंच बोलली होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. आत्ता." चिनूने केसांतल्या पट्टीकडे बोट केलं.

पट्टीने बाहेरूनच फोनमधला भावाचा आवाज टिपला होता, आत येताच आईचा चेहरा पाहिला होता आणि "आई, काय झालं?" हे मुलीच्या मनात उमटायच्या आत तिला सगळं सांगून मोकळी झाली होती. काय झालं तेही आणि काय करायचं तेही. ऋजुताच्याच आवाजात. चिनूने आईचा हात जितका वेळ धरायला हवा तितका वेळ धरला, मग सोडला आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

आई गेल्याचं दुःख ऋजुताला नंतर झालं. त्या सकाळी आधी भीतीच वाटली. आपली मुलगी आपल्याला जमिनीवर कोसळलेली बघते आणि तिला विचारावंसंही वाटत नाही, याची.

तेराव्यानंतर ती पुण्याला गेली. डॉ. सप्रे दोन वर्षांत म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. तिचं बोलणं ऐकून त्या बराच वेळ कागद सारखे करत राहिल्या.

"तुम्ही पहिल्या नाही आहात," त्या म्हणाल्या. "दार उघडल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा जो वेळ असतो, ती तगमग, ती आम्हाला वाया गेलेली वाटली. म्हणून आम्ही ती काढून टाकली. पण मूल त्या तगमगीतच स्वतःहून शोधायला शिकतं. कळत नाहीये हे सोसायला शिकतं. तिथली जोडणी वापरलीच नाही तर मेंदू ती मोडीत काढतो. त्याला अडगळ ठेवायची सवय नसते."

"बाकीच्या मुलांचं काय?"

"त्यांचं बरं आहे." डॉक्टरांनी वर पाहिलं नाही. "त्यांच्या पट्ट्या चुकायच्या. शंभरात तीस वेळा भलतंच उत्तर यायचं. मग मूल वैतागायचं, विचारायचं, भांडायचं. तेवढ्यावर ती तगली. तुमच्या मुलीची पट्टी शंभरात दोनदाही चुकली नाही हो. तुम्ही वह्या इतक्या नीट लिहिल्या होत्या."

निगुतीने लिहिलेल्या तारखा, वेळा, वरणभात, दात घासणं, सगळं ऋजुताच्या डोळ्यांपुढून गेलं. आळशी आई असती तर पोर वाचली असती.

"परत येईल का?" तिने शेवटी विचारलं.

"पट्टी काढा. अकरा वर्षांची आहे, अजून वय आहे. येईलही. खात्रीने मी आता कुणालाच काही सांगत नाही."

रणजित ऐकेना. "डोकं फिरलंय काय तुझं? दोन महिन्यांनी विद्यापीठाची परीक्षा आहे तिची. अकराव्या वर्षी! आन् तू आत्ता काढून घेतीस?"

"तिने तुला शेवटचं कधी काही विचारलं, आठव बघू."

"विचारायला कशाला पाहिजे? तिला येतंय की सगळं!"

"आठव, रणजित."

तो जेवणाच्या ताटावर बसून आठवत राहिला. भाजी गार झाली. मग ताट तसंच ठेवून उठला आणि हात धुताना पाठमोराच म्हणाला, "काढ जा."

पट्टी काढताना चिनूने विरोध केला नाही. का काढतेस, असंही म्हणाली नाही. पहिले आठ दिवस ती अंगणाच्या पायरीवर बसून राहिली. कुणी उठवलं की उठायची, वाढलं की जेवायची. मधूनच मान कलती करून थांबायची, कानामागून आवाज येईल म्हणून. तो येत नसे. मग तिचा चेहरा असा कावराबावरा व्हायचा, की ऋजुता तोंड फिरवून घ्यायची. एकदा चिनूने गॅसवरची तापलेली कढई नुसत्या हाताने धरली. बोटांना फोड आले. माहीत होतं तिला सगळं, धातू, उष्णता, त्वचेचे थर. पण धरावी की नाही, हा प्रश्नच तिच्या मनात आला नव्हता.

ऋजुताने जुनं सगळं पुन्हा मांडलं. एके सकाळी जास्वंद उकळली, लिंबू पिळलं. "बघ चिनू!"

"गुलाबी झालं," चिनू म्हणाली आणि पेला बाजूला ठेवला.

तिने सायकलचं चाक काढलं. उलटं चालणारं घड्याळ आणलं. मुद्दाम चुकीचं सांगितलं, की चंद्र स्वतःच्या उजेडाने चमकतो. तो तसा चमकत नाही हे चिनूला माहीत होतं. तरी आई म्हणतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं." आईचा तो आवाज तिच्यासाठी कधी खोटं बोललाच नव्हता. परीक्षेची तारीख आली आणि गेली. रणजितने पोरीला फौंड्रीत नेणं बंद केलं. एकेकाळी गप्प बस म्हणून ओरडलेली बाई आता सकाळपासून एका "का"ची वाट बघत बसायची. तिच्यावर हसावं की रडावं ते कळू नये, अशी तिची अवस्था झाली होती. हे कबूल करायलाही तिच्याजवळ कुणी उरलं नव्हतं.

पाच महिने असे गेले.

एप्रिलमधली दुपार होती. दोघी ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. रणजित कामावर गेला होता. चिनूचा हात मध्येच थांबला. तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले, पुन्हा मिटले. ती मान कलती करून थांबली. कुठूनही काही आलं नाही. मुलगी त्या तगमगीत एकटी होती आणि आईने मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवलं.

"आई," चिनू म्हणाली. शब्द अडखळत आले. "तू... मला पट्टी का लावलीस?"

ऋजुताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला चिनूला उचलून नाचावंसं वाटलं, रणजितला फोन करावा, डॉक्टरांना करावा. आलं, परत आलं! आणि मग तिला कळलं, की विचारलंय काय.

उत्तर तिला माहीत होतं. ते एका वाक्याचं होतं. मी तुझ्या प्रश्नांना कंटाळले होते. पण पाच महिन्यांनी पहिल्यांदा उघडलेल्या दारातून हे आत जाणार होतं, आणि आत गेलेलं जन्मभर टिकतं. तिला ते उच्चारवेना. शिवाय खरं कारण सांगायचं तर आधी ती अकरा मिनिटं सांगावी लागली असती.

"तुला खूप शिकायला मिळावं म्हणून, राणी," ती म्हणाली. "तुझ्याच भल्यासाठी."

बोलताना आपला आवाज कापतोय, नजर शेंगांवरून हलत नाहीये, कानशिलं तापलीयत, हे तिला स्वतःला जाणवत होतं. कुठल्याही पोराने तिला तिथल्या तिथे पकडलं असतं. आठ वर्षांच्या चिनूने तर सोडलंच नसतं. ऋजुता वाट बघत राहिली. पकड मला, विचार, म्हणजे काय म्हणून विचार, मग रडतेस का म्हणून विचार. विचारलंस तर सांगेन सगळं. देवाशप्पथ सांगेन.

चिनूने मान डोलावली. कपाळावरची आठी गेली. तिने टोपलीतली शेंग उचलली.

"एवढंच?" ऋजुताने विचारलं. "आणखी काही नाही विचारायचं तुला?"

"नाही," चिनू शेंग फोडत म्हणाली. "सांगितलंस की."